आठशे चार क्लिक

फाइलची लांबी बघून पहिल्यांदा खटकलं. आमचा ऑनलाइन फॉर्म लोकांना भरता येतो का ह्याच्या टेस्टचं सेशन सदतीस मिनिटांचं झालं होतं, मी स्वतःच घेतलं होतं, आणि फाइल होती एक्कावन्न मिनिटांची. वरची चौदा मिनिटं आली कुठून? मला वाटलं सहकारी ओबीएस, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, बंद करायचं विसरून चहाला गेला असणार (गेलाच होता), शेवटी रिकामी स्क्रीन असेल, तेवढं कापून टाकू. म्हणून टाइमलाइन ओढत शेवटाकडे गेलो तर स्क्रीन रिकामी नव्हती. आमचाच फॉर्म उघडा होता, आणि त्यावर कर्सर हलत होता.

झालं असं होतं की मी नेहमीसारखं आभार वगैरे मानून गूगल मीटमधून बाहेर पडलो होतो. पण मी बाहेर पडलो म्हणजे मीटिंग संपली असं नसतं, नोट्स घेणाऱ्या सहकाऱ्याचं लॉगिन आत तसंच होतं, म्यूटवर, कॅमेरा बंद, आणि त्याच्या मशीनवर रेकॉर्डिंग चालू. आणि पलीकडे कराडला बाई, स्क्रीन शेअर तशीच चालू. त्यांना लाल बटण दाबायचं असतं हे मी सांगितलंच नव्हतं. मी दिसायचो बंद झालो म्हणजे संपलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यात चूक काय, माणूस उठून गेला की भेट संपतेच की.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी सुरुवातीला काकू म्हणालो तर त्या हसून म्हणाल्या, बाई म्हणा हो, चाळीस वर्षांची सवय आहे. माहेर पाटण तालुक्यातलं, नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांत, आता लेकीकडे कराडला. लॅपटॉप लेकीचा. आम्ही एका पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीचा फॉर्म बनवत होतो, म्हणजे बनवत होतो असं म्हणायचं, अजून नुसता प्रोटोटाइपच होता, रकाने भरता यायचे पण शेवटचं ‘जमा करा’ बटण दाबलं की हिरवी टिक यायची आणि माहिती कुठेच जायची नाही. सोसायटीचे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे, म्हणून टेस्टसाठी माणसंही तशीच शोधली होती. हा जून २०२३ चा किस्सा आहे. दोन-चार दिवसांनी डोक्यातून जाईल असं वाटलं होतं, गेला नाही.

त्या चौदा मिनिटांत काय होतं ते सांगतोच. पण त्याआधी फॉर्म ह्या गोष्टीबद्दल थोडं बोलायला पाहिजे, कारण मला वाटतं आपल्याकडे फॉर्म भरणं हे काम कधीच नव्हतं, ती परीक्षा होती.

माझे वडील फॉर्म आणला की आधी त्याची झेरॉक्स काढायचे. झेरॉक्सवर रफ भरायचा, पेन्सिलने. मग तो आईला वाचून दाखवायचा, मग जेवणं झाली की टेबल पुसून, वर्तमानपत्र अंथरून, निळ्या पेनाने खरा फॉर्म. एका चौकोनात एक अक्षर, नाव आणि आडनावात एक चौकोन रिकामा. ‘खाडाखोड करू नये’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की एखादं अक्षर चुकलं तर ते दुसऱ्या दिवशी नवीन फॉर्म आणायला जायचे, व्हाइटनर लावलेला फॉर्म खिडकीवरचा माणूस परत करेल म्हणून. खिडकीवरचा माणूस तेव्हा साक्षात परमेश्वर. आणि ज्यांना हे जमायचं नाही ते तहसीलबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या लिहिणाऱ्याकडे जायचे, तो पैसे घ्यायचा पण मान खाली न घालता काम व्हायचं. आता आम्ही सगळं ऑनलाइन केलं, आणि झेरॉक्स गेली. रफ गेलं. पहिलं अक्षर टाइप केलं की ते थेट फेअरच.

मी ह्या धंद्यात आलो तेव्हा, २००९ च्या सुमारास, वेबसाइटची टेस्ट म्हणजे फार थाटाचं काम असायचं. एक खोली, मध्ये एकतर्फी काच, काचेच्या अलीकडे आम्ही अंधारात बसलेलो आणि पलीकडे बिचारा एक माणूस ट्यूबलाइटखाली. रेकॉर्डिंगला टेकस्मिथचं मोरे नावाचं सॉफ्टवेअर. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे पण आम्ही सरळ मोरेच म्हणायचो, ‘मोऱ्यांना चालू केलं का’, ‘मोरे हँग झाले’, एकदा खरोखरचे मोरे नावाचे साहेब खोलीत असताना कुणीतरी म्हणालं की मोऱ्यांना रीस्टार्ट करायला लागेल, आणि साहेबांनी वळून बघितलं. तर ह्या मोऱ्यांचं काम चोख असायचं. स्क्रीन रेकॉर्ड व्हायची, कोपऱ्यात माणसाचा चेहरा, प्रत्येक क्लिक, प्रत्येक की, सगळ्याची नोंद, आणि काचेमागे बसून आम्ही त्या त्या क्षणाला खूण करून ठेवायची, इथे अडला, इथे चुकला, इथे सुस्कारा. चेहरा आणि स्क्रीन एकाच चौकटीत बघायची मला तेव्हा चटकच लागली. माणूस स्क्रीनवरचा मजकूर वाचत असतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसतं, अगदी झोपेतल्यासारखा मोकळा असतो तो. पण शोधत असतो तेव्हा कपाळ बोलायला लागतं.

आता ते सगळं खिशात आलं. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आला, त्यात बोट टेकलं तिथे ठिपका दाखवायची सोयही आहे, मग वेगळा कॅमेरा लावून हात शूट करायला नको. फक्त डू नॉट डिस्टर्ब लावायला विसरायचं नाही, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका गृहस्थांची टेस्ट ऐन रंगात आलेली, क्लायंटची माणसं बघतायत, आणि वरून व्हॉट्सॅपची पट्टी उतरली, ‘गॅसवाला आला होता तुम्ही कुठे उलथलाय’. गृहस्थ गोरेमोरे. मी म्हणालो काही बघितलं नाही. सगळ्यांनीच बघितलं होतं. आणि बँकेचं किंवा पैशाचं ॲप असेल तर बरेचदा रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा पडदा येतो, ॲपवाल्यांनी मुद्दाम तशी सोय केलेली असते म्हणून. अशा वेळी मागे उरतो तो फक्त आवाज. काळ्या पडद्यावर एक माणूस ‘थांबा, आला, ओटीपी आला’ म्हणतोय, हे ऐकायला फार विचित्र वाटतं.

बाईंच्या सेशनकडे येतो. आम्ही पाच जणांची टेस्ट घेतली होती. पाचच का, तर वेबसाइट वापरायला किती सोपी ह्याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सनने २००० साली मांडलेला हिशोब ह्या धंद्यात सगळेच देवासारखा मानतात. एक माणूस साधारण एकतीस टक्के अडचणी उघड्या पाडतो, दुसरा काही त्याच आणि काही नवीन, असं करत पाचव्यापर्यंत पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतो, पुढे नवीन फारसं हाताला लागत नाही. हिशोब बरोबरच आहे, मी कितीदा तरी अनुभवलाय. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे असं मला वाटतं, की माणूस अडला तर अडलेला दिसेल. आपल्याकडे ते तसं नसतं हो. आपल्याकडे पाहुणा म्हणून गेलेला माणूस आमटीत मीठ नसलं तरी ‘छान झालीय’ म्हणून दुसरी वाटी घेतो. मी एवढं घसा फोडून सांगतो, तुमची नाही आमच्या वेबसाइटची परीक्षा आहे, चुकेल ते आमचं, तुम्ही मोकळेपणाने नावं ठेवा. त्यावर समोरचा मान डोलावतो आणि पुढच्याच मिनिटाला म्हणतो, ‘माझंच काहीतरी चुकलं वाटतं’. दर वेळी. शेतकरी असो, डॉक्टर असो. एका निवृत्त इंजिनियरांनी तर वेबसाइट बंद पडल्यावर माझी माफी मागितली होती.

आणि वरून आम्ही सांगतो मनातलं मोठ्याने बोलत राहा. ही पद्धत कॉम्प्युटरच्या कामात आयबीएमच्या क्लेटन लुईसने १९८२ मध्ये आणली, आणि आहे ती फार गुणाची, माणूस स्वतःशी बोलल्यासारखा बोलायला लागला की त्याच्या डोक्यातलं घर आतून दिसतं. पण आपल्या माणसाला मोठ्याने विचार कर म्हटलं की तो विचार करायचा थांबतो आणि उत्तरं द्यायला लागतो. बाई तर शिक्षिका. त्यांनी माझ्याशी जी मराठी सुरू केली ती थेट पाठ्यपुस्तकातली. ‘आता मी येथे माझे संपूर्ण नाव लिहीत आहे.’ ‘येथे पिनकोडची पृच्छा केलेली आहे.’ पृच्छा! मी म्यूट करून हसलो, हसायला नको होतं.

जन्मतारखेपाशी आल्यावर मात्र त्या थोड्या सैल झाल्या. विचारलं, ‘शाळेतली लिहू का खरी?’ आणि मग स्वतःच सांगायला लागल्या, १ जूनची गोष्ट. ती आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. पण बाईंनी ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगितली. पोराचा हात धरून आलेल्या आईला विचारायचं कधी झाला, ती म्हणायची पेरणीच्या वेळेला, नाहीतर पूर आला त्या वर्षी, मग बाई पोराकडे बघून साल ठरवायच्या आणि लावायच्या १ जून. ‘किती पोरांचे वाढदिवस मी लिहिले असतील ह्या हाताने. आणि माझाही कुणीतरी तसाच लिहिलाय. खरी म्हणाल तर श्रावणातली, आई सांगायची नागपंचमीच्या आसपासची, पण कागदावर १ जून.’ मी म्हणालो कुठलीही चालेल बाई, टेस्टच आहे. त्या म्हणाल्या बरं, कॅलेंडर उघडलं, क्लिक केलं, झालं. मी नोट्समध्ये लिहिलं, जन्मतारीख, अडचण नाही. शेवटी एक ते पाचमध्ये किती सोपं वाटलं विचारलं तर पाच. ‘अतिशय सुलभ आहे.’

तर ती चौदा मिनिटं.

माझा आवाज बंद झाल्यावर पहिले काही सेकंद काहीच नाही. मग कर्सर हळूच वर गेला. पान वर सरकलं. बाई भरलेला फॉर्म पहिल्यापासून वाचत होत्या, तपासत होत्या खरं तर, प्रत्येक रकान्याखालून कर्सर डावीकडून उजवीकडे, लाल पेन फिरवतात तसा. नाव, पत्ता, पिनकोड. जन्मतारखेवर थांबला. आणि मग आवाज आला, तो मला सदतीस मिनिटांत एकदाही ऐकू आला नव्हता असा आवाज, ‘अगं बाई. तेवीस?’

मी झूम करून बघितलं. ०१/०६/२०२३. कॅलेंडर उघडलं होतं ते चालू महिन्याचं, जून. बाईंना १ जून पाहिजे होता, समोरच होता, त्यांनी एकावर क्लिक केलं. दिवस बरोबर, महिना बरोबर. साल कुणीच बघितलं नाही, त्यांनी नाही, मी नाही, नोट्सवाल्याने नाही. प्रोटोटाइपलाही काही वाटलं नाही, कारण सभासद तीन आठवड्यांचा असू शकत नाही हे त्याला आम्ही शिकवलंच नव्हतं.

ते कॅलेंडर माझं डिझाइन. हे आधीच सांगायला पाहिजे होतं, पण आता सांगतो. वर मध्यभागी ‘जून २०२३’, दोन्ही बाजूंना दोन बाण, मागचा महिना आणि पुढचा महिना. साल बदलायचं असेल तर त्या मधल्या ‘जून २०२३’ वरच क्लिक करायचं, की वर्षांची यादी उघडते. अँड्रॉइडच्या कॅलेंडरमध्येही वरच्या सालावर टॅप केलं की अशीच यादी उघडते, त्यामुळे मला ते उघडच वाटलं होतं. शेजारी बारीकसा करडा त्रिकोणही ठेवला होता. इतका नाजूक, की मला त्याचा अभिमान होता.

बाईंचा कर्सर त्या ‘जून २०२३’ वर गेला. मी खुर्चीत पुढे सरकलो, जणू काही हे आत्ता चाललंय. दाबा ना. कर्सर त्यावर तीन-चार सेकंद राहिला, आणि बाजूला झाला. बरोबरच आहे, ते मथळ्यासारखं दिसत होतं, आणि मथळ्यावर कोण क्लिक करतं. मथळा वाचायचा असतो. मग त्यांनी डावा बाण दाबला. मे. परत दाबला. एप्रिल. ‘कुठं जायचं आता एवढं मागं,’ असं काहीतरी पुटपुटल्या, मग एकदा ‘शी, मंद झालीय मी अगदी’. पुन्हा बाण. मार्च.

आणि त्या निघाल्या.

पहिले दोन-तीन वर्षं सावकाश. मग लय सापडली. क्लिक, क्लिक, क्लिक, लॅपटॉपच्या त्या पत्र्यासारख्या आवाजात, सेकंदाला एक, कधी दोन. ३१ चे महिने, ३० चे महिने, आकड्यांची खालची ओळ एकदा लांब एकदा आखूड होत होती, फेब्रुवारी आला की एकदम अंगठ्याएवढी. नंतर मी हिशोब केला, जून २०२३ पासून जून १९५६, सदुसष्ट वर्षं गुणिले बारा, आठशे चार. एखादी बाई भांडी घासताना घासते तसं, त्रागा नाही, घाई नाही, आहे ते संपवायचंय. मागे कुठेतरी मिक्सर लागला आणि बंद झाला. कुणीतरी हाक मारली तर म्हणाल्या ‘आले, थांब, हात अडकलाय’. दोन हजारच्या अलीकडे कुठेतरी त्या एका महिन्यावर थांबल्या, जरा जास्तच वेळ. कर्सर एका तारखेजवळ गेला, टेकला नाही. मग पुढे, म्हणजे मागे.

दुसऱ्यांदा थांबल्या ते डिसेंबर १९६७ ला. ह्या वेळी कर्सर सरळ ११ वर गेला. सोमवार होता. बाई म्हणाल्या, ‘भूकंप’.

एवढंच. मला एक सेकंद लागला. पाटण तालुका, कोयना, पहाटेची वेळ. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या असणार. मी तो भूकंप शाळेच्या पुस्तकात वाचलेला, धरण, तारीख, गुण दोन. आणि इथे तो माझ्या त्या नाजूक कॅलेंडरमध्ये आकड्यांच्या एका चौकोनात होता, आणि कर्सर त्याच्यावर थरथरत नव्हता वगैरे काही नाही, नुसता टेकला होता. मग क्लिक, नोव्हेंबर.

१९५६ च्या ऑगस्टला त्या परत थांबल्या. हे त्यांना टाळता आलं नसतं, खालून वर येताना ऑगस्ट आधी लागतो. कर्सर मधल्या ओळींत इकडेतिकडे फिरला, नागपंचमी त्या साली कुठल्या तारखेला होती ते कॅलेंडरात थोडंच दिसणार होतं. ‘आधारवर १ जूनच आहे,’ असं त्या म्हणाल्या, मला नाही, कुणालाच नाही. दोन क्लिक. जुलै, जून. एकावर टिचकी. ०१/०६/१९५६.

‘हां. आता बरोबर.’

आणि लॅपटॉप मिटल्याचा आवाज.

मी ते दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघायला नको होतं. पहिल्यांदाही नको होतं म्हणा. संमतीचा फॉर्म मीच लिहिलेला, त्यात स्वच्छ म्हटलं होतं, चाचणीच्या काळात तुमची स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड केला जाईल. चाचणीच्या काळात. चाचणी तर मी ‘धन्यवाद बाई’ म्हणालो तेव्हाच संपली होती, पुढचं ते एका बाईंचं घर होतं, आणि मी उघड्या राहिलेल्या दारातून आत बघत होतो. पण खरं सांगायचं तर आमच्या त्या पाच सेशन्समधलं, मिळून तीन तासांच्या रेकॉर्डिंगमधलं, सगळ्यात खरं जे होतं ते ह्याच चौदा मिनिटांत होतं. मी होतो तोपर्यंत बाई पृच्छा म्हणत होत्या. मी गेल्यावर फॉर्म भरला.

माझा ह्यात धंद्याचा दोषही आहे. आम्हाला डोकवायची सवय लागलेली असते. हॉटजार, क्लॅरिटी, असली टूल्स वेबसाइटला जोडली की येणाऱ्या प्रत्येकाची हालचाल नंतर बघता येते. नवख्यांना वाटतं तो व्हिडिओ असतो, तसा तो नसतो. पान कसं होतं, कुठे काय बदललं, माऊस कुठून कुठे गेला एवढ्याच्या नोंदी जातात आणि आमच्या स्क्रीनवर तो प्रसंग नव्याने उभा केला जातो. आवाज नाही, चेहरा नाही, नुसता एक बाण, मुंगीसारखा. रात्री उशिरा एकामागून एक अशी पंधरा-वीस सेशन्स बघितली की त्या मुंगीला स्वभाव दिसायला लागतो. काही लोक वाचताना ओळीखाली कर्सर धरतात. काही कोपऱ्यात उभा करून ठेवतात, बाहेर काढलेल्या चपलेसारखा. आणि ज्याचा माऊस आम्ही बघतोय त्याला ह्यातलं काही माहीत नसतं, साइटच्या अटींमध्ये कुठेतरी सतराव्या कलमात ते लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा जगातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या पन्नास हजार साइट्सपैकी ४८२ वर असली रेकॉर्डिंग करणारी स्क्रिप्ट सापडली, आणि काही ठिकाणी तर पासवर्ड, कार्डाचे आकडे, औषधांची माहितीसुद्धा त्यातून बाहेर जात होती. तेव्हा आमच्या ऑफिसात त्यावर मोठी चर्चा झाली, सगळे रकाने झाकायचे असं ठरलं, आणि झाकलेही, आता तिथे नुसते ठिपके दिसतात. पण ठिपके दिसले तरी किती वेळ थांबला ते दिसतंच.

आमच्या प्रोटोटाइपलाही असं एक टूल जोडलेलं होतं. उत्सुकता म्हणून बाईंचं सेशन त्यात शोधलं. जन्मतारखेच्या जागी ठिपके. भूकंप नाही, मिक्सर नाही, श्रावण नाही. फक्त वर एक लाल शिक्का होता, रेज क्लिक. एकाच जागी भराभर क्लिक झाले की टूल समजतं माणूस चिडलाय. मी त्या शिक्क्याकडे बघत बसलो. आठशे चार क्लिक आणि त्यात राग औषधालाही नव्हता. उलट राग आला असता तर बरं झालं असतं, बाई मला शिव्या घालून लॅपटॉप मिटून गेल्या असत्या आणि मी पहिल्याच दिवशी कॅलेंडर बदललं असतं. ज्यांना राग येतो त्यांच्यासाठी आम्ही साइट सुधारतो, जे सोसतात त्यांचे पाचपैकी पाच आम्ही स्लाइडवर लावतो.

चार दिवस मी कुणाला बोललो नाही. फाइल सदतीस मिनिटांवर कापून ठेवली, उरलेला तुकडा वेगळ्या फोल्डरमध्ये. रिपोर्टमध्ये लिहिलं, जन्मतारखेचं कॅलेंडर काढावं, दिवस महिना साल असे तीन साधे रकाने द्यावेत, टाइप करता येतील असे, आणि सालावर तपासणी ठेवावी. मीटिंगमध्ये डेव्हलपर म्हणाला पण ह्यात तर कुणालाच प्रॉब्लेम आला नाही, पाचही जणांनी भरलंय, एकूण पाचपैकी चार पॉइंट आठ आहेत, मग का बदलायचं? तू स्वतःच तर आणलं होतंस हे कॅलेंडर. क्लिप आहे का एखादी? क्लिप दाखवली तर आमच्याकडे कुठलाही वाद दोन मिनिटांत संपतो, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हणालो नाहीये. म्हणजे होती. म्हणालो बघतो.

संध्याकाळी बाल्कनीत जाऊन बाईंना फोन लावला. समोर कोथरूडचा तो नेहमीचा हॉर्नचा कालवा, म्हणून परत आत आलो, बाथरूमचं दार लावून बोललो. आधी तब्येत, पाऊस, कराडला झाला का, वगैरे. मग सांगितलं. त्या दिवशी आमच्या बाजूने रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. तुम्ही नंतर तारीख दुरुस्त केलीत ते आलंय त्यात. मी बघितलं. विचारल्याशिवाय बघितलं.

पलीकडे शांत. मग, ‘अगं बाई, चालू होतं होय? मग मी काय काय बोलले?’

मी म्हणालो फार काही नाही. भूकंप म्हणालात एकदा.

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘घराची मागची भिंत आली होती. आणि?’

आणि स्वतःला मंद म्हणालात.

त्या हसल्या. खूप हसल्या, वर्गात न हसणाऱ्या बाई सहलीला गेल्यावर हसतात तशा. मी विचारलं की तो तुकडा आमच्या दोन-तीन माणसांना दाखवला तर चालेल का, कॅलेंडर माझ्यामुळे चुकलंय आणि ते बदलायचंय, नाही म्हणालात तर आत्ता पुसून टाकतो. त्यांनी थोडा विचार केला. ‘दाखवा की. शिकवण्याच्या कामाचं असलं तर दाखवा. पण ते मंद म्हणलेलं तेवढं काढा. आणि भूकंपाचं काय करायचं ते तुम्ही बघा.’

मी दोन्ही काढलं. राहिले ते क्लिक, त्यातला एकच मिनिट दाखवला, १९९० च्या आसपासचा. डेव्हलपर काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी तीन रकाने आले.

पण हे नंतरचं. फोनवर मी आभार मानून ठेवणार होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘एक मिनिट, मला एक सांगा, मी ती लावली १ जून छप्पन्न. ती मग सेव्ह झाली ना? का परत तेवीसच राहिलं?’

बाथरूममध्ये नळ ठिबकत होता.

‘झाली बाई,’ मी म्हणालो. ‘बरोबर झाली.’